३३,५०० माणसं आणि २ लाख मार्क: चौथं क्रूसेड कॉन्स्टँटिनोपलवर का गेलं?

सनावळी (मूळ लेख)

चौथ्या क्रूसेडचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या मोहिमेचा, विषय निघाला की चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक, व्हेनिसच्या म्हाताऱ्या डोजेने (नगरराज्याच्या प्रमुखाने) सगळ्यांना फसवलं. दोन, रोम आणि पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) यांच्या चर्चमध्ये १०५४ पासून वैर होतंच. पण जेरुसलेमसाठी निघालेलं सैन्य १२०४च्या एप्रिलमध्ये ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं शहर लुटायला कसं पोचलं, याचं पुरतं उत्तर दोन्हींत मिळत नाही. मला ते दोन आकड्यांत दिसतं: ३३,५०० आणि २,००,०००. ज्यांनी हे आकडे कबूल केले, त्यांच्या हातात ते पुरे करणं नव्हतं.

आधी पहिला. पोप इनोसंट तिसरा याने ऑगस्ट ११९८मध्ये क्रूसेड पुकारलं. राजा एकही पुढे आला नाही. पुढाकार घेतला तो शँपेन, फ्लँडर्स आणि ब्ल्वा इथल्या काउंटांनी. त्यांचे सहा वकील १२०१च्या सुरुवातीला व्हेनिसला पोचले. त्यांतला एक शँपेनचा मार्शल जॉफ्र्वा द व्हिलार्दुआँ. मोहिमेची हकिगत पुढे त्यानेच लिहून ठेवली. एप्रिलमध्ये करार ठरला तो असा: ४,५०० नाइट, तितकेच घोडे, ९,००० स्क्वायर (नाइटांचे हत्यारी सेवक), २०,००० पायदळ. घोड्यामागे ४ मार्क, माणसामागे २ मार्क. माणसं झाली ३३,५००, त्यांचे ६७,०००, घोड्यांचे १८,०००, एकूण ८५,००० मार्क, जर्मनीतल्या कोलोन शहराच्या वजनाचे. एक मार्क म्हणजे साधारण २३३ ग्रॅम चांदी, तेव्हा ही जवळजवळ २० टन चांदी झाली. बदल्यात व्हेनिसने वर्षभर जहाजं आणि नऊ महिन्यांचा शिधा द्यायचा: माणशी पाव, पीठ, धान्य आणि कडधान्य मिळून सहा सेस्तारी, अर्धा अँफोरा वाईन, आणि घोड्याला तीन मोदी दाणा (ही सगळी त्या वेळची मापं). शिवाय व्हेनिस स्वतःच्या खर्चाने ५० लढाऊ गॅली (वल्ह्यांची जहाजं) देणार आणि जे काही जिंकलं जाईल त्याचा निम्मा वाटा घेणार.

हप्ते चार होते. १ ऑगस्टला १५,०००, १ नोव्हेंबरला १०,०००, २ फेब्रुवारीला १०,००० आणि एप्रिल १२०२अखेर ५०,०००. निघायचं २९ जून १२०२ला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. दर माणशी असला तरी करार ठोक होता. माणसं कमी आली तरी रक्कम तीच. आणि तो बांधील होता फक्त ज्या सरदारांच्या वकिलांनी सही-शिक्का केला त्यांना. क्रूस घेतलेल्या, म्हणजे मोहिमेची शपथ वाहिलेल्या, इतर कुणावरही व्हेनिसहूनच निघण्याची सक्ती नव्हती. बर्गंडीचा माणूस मार्सेलहून जहाज पकडू शकत होता, फ्लेमिश ताफा जिब्राल्टरला वळसा घालून जाऊ शकत होता, काही जण इटलीच्या टाचेवरून अपुलियातून निघू शकत होते. त्या सगळ्यांनी तेच केलं. त्यात शँपेनचा काउंट तिबो करार झाल्यावर दीड-दोन महिन्यांतच, मे १२०१मध्ये वारला आणि त्याच्या जागी माँफेराचा बोनिफास नेता निवडला गेला. शँपेनच्या माणसांना एकत्र ठेवणारी असामीच गेली. भरीस भर म्हणजे खरं लक्ष्य इजिप्त आहे हे सामान्य यात्रेकरूंना सांगितलेलं नव्हतं.

१२०२च्या उन्हाळ्यात लीदो बेटावर छावणी पडली तेव्हा अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांश माणसं जमली होती. जहाजं मात्र सगळी तयार. त्यासाठी व्हेनिसने आपला व्यापार वर्षभर बाजूला ठेवला होता. आता हा हिशोब पाहा. एक तृतीयांश माणसांचं भाडं होतं सुमारे २८,००० मार्क. प्रत्यक्षात जमा झाले ५१,०००. म्हणजे आलेल्यांनी आपलं भाडं भरलंच, पण वर सुमारे २३ हजार मार्क न आलेल्यांच्या वाटचे भरले. सरदारांनी सोन्या-चांदीची भांडी डोजेच्या वाड्यावर पोचवली, उसनवारी केली. तरी ३४,००० तोंडमिळवणीला कमी पडले.

हे ३४,००० म्हणजे पुढच्या सगळ्या घटनांची किल्ली. डोजे एनरिको डांडोलो याने तोड काढली: आड्रिआटिक किनाऱ्यावरचं झारा शहर आम्हाला परत घेऊन द्या, बाकी रक्कम पुढच्या लुटीतून फेडा. झारा हंगेरीच्या राजाच्या छत्राखाली होतं आणि त्या राजाने स्वतः क्रूस घेतलेला. पोपने स्पष्ट मनाई केली होती. तरी २४ नोव्हेंबर १२०२ला झारा पडलं. सिमों द माँफोर हा फ्रेंच सरदार सैन्य सोडून गेला. सगळ्यांवर चर्चचा बहिष्कार आला. फ्रँक, म्हणजे फ्रान्स-फ्लँडर्सकडच्या, सैन्याला पापमुक्ती मिळाली, व्हेनिसकरांना नाही.

आणि मग हिवाळ्यात झाराच्या मुक्कामी दुसरा आकडा येऊन दाखल झाला. कॉन्स्टँटिनोपलचा पदच्युत सम्राट इसाक दुसरा याचा मुलगा अलेक्सिओस आंगेलोस याच्या वतीने त्याचा मेव्हणा, श्वाबियाचा फिलिप, याचे वकील आले. मागणी अशी की राजपुत्राला गादीवर बसवा. मोबदला २,००,००० मार्क, सैन्याला रसद, ग्रीक चर्च रोमच्या आज्ञेत, इजिप्तच्या मोहिमेसाठी वर्षभर १०,००० माणसं आणि हयातभर पवित्र भूमीत ५०० नाइट. कर्जात बुडालेल्या माणसासमोर कर्जाच्या जवळजवळ सहापट रक्कम ठेवली तर तो काय करेल?

पूर्व रोमन दरबाराची आतली बाजू, आरमार आणि तटबंदी यांवर जाणकारांनी लिहावं.

---

टांकसाळ

लेख आवडला. २ लाखांच्या आकड्यावर थोडं थांबायला हवं, कारण तो किती अशक्य होता हे ताडून पाहता येतं.

सहाच वर्षं मागे जाऊ. जर्मन सम्राट हेन्री सहावा याने सिसिली घेतल्यावर कॉन्स्टँटिनोपलकडे खंडणी मागितली. मागणी ५,००० पौंड सोन्याची होती. घासाघीस होऊन ती १,६०० पौंडांवर आली. तेव्हा गादीवर होता अलेक्सिओस तिसरा, म्हणजे या राजपुत्राचा काका. त्याने 'अलामानिकोन' नावाचा, शब्दशः 'जर्मन कर', लावायचा घाट घातला. राजधानीतल्या सभेत सरदार, धर्मगुरू आणि कारागीर, तिघांनीही तो धुडकावला. चर्चमधली भांडी घेऊ म्हटलं तर तिथेही विरोध. शेवटी पवित्र प्रेषितांच्या चर्चमधल्या जुन्या सम्राटांच्या कबरी उघडून त्यांतले दागिने काढले. सप्टेंबर ११९७मध्ये हेन्री वारला म्हणून खंडणी टळली.

आता तुलना. बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) पौंड सुमारे ३२० ग्रॅमचा. १,६०० पौंड म्हणजे ५१२ किलो सोनं. सोन्या-चांदीचा भाव ढोबळमानाने एकास दहा धरला तर ५ टनांच्या वर चांदी, म्हणजे साधारण २२,००० मार्क. जी रक्कम जमवायला काकाला पूर्वजांच्या कबरी उकराव्या लागल्या, तिच्या नऊपट पुतण्याने कबूल केली. आणि ही फक्त रोख. १०,००० माणसांचा खर्च वेगळा.

त्याला खजिन्याची कल्पना नव्हती हे उघड आहे. बाप गादीवरून गेला तेव्हा तो किशोरवयात होता आणि नंतर बहुतेक काळ नजरकैदेत. पण सैन्यातल्या कुणीही हा हिशोब केला नाही, कारण बाहेरच्यांच्या डोळ्यांत आधीचा सम्राट मॅन्युएल पहिला याच्या काळातली श्रीमंती होती. मॅन्युएलने आलेल्या प्रत्येक पाहुण्यावर सोनं उधळलं. ते चित्र ११८०च्या आधीचं. १२०३मध्ये ते चालत नव्हतं.

---

रानजाई

उत्तम चर्चा. दोन शंका आहेत. पळून आलेल्या राजपुत्राला मदत करणे म्हणजे परक्या राज्यात उघड ढवळाढवळ. क्रूसेडरांना त्यात वावगे का वाटले नाही? आणि १०५४चा मुद्दा आपण सगळे इतक्या सहज बाजूला ठेवत आहोत, ते कशाच्या जोरावर?

---

दक्षिणवारा

रानजाई, १०५४चं आधी. त्या वर्षी पोपचा दूत हंबर्ट याने कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (मुख्य धर्मगुरू) मिखाएल केरुलारिओस आणि त्याच्या साथीदारांना बहिष्कृत केलं आणि पॅट्रिआर्कने दूतांना. तो माणसांचा बहिष्कार होता; दोन चर्च त्या दिवशी तुटली असं त्या वेळच्या कुणाला वाटल्याचं दिसत नाही. १०७१मध्ये मान्झिकर्टला सम्राट रोमानोस चौथा सेल्जुक तुर्कांच्या हाती लागला, पुढच्या दहा वर्षांत आशिया मायनरचा बहुतेक भाग गेला, आणि मार्च १०९५मध्ये पिआचेंझाच्या धर्मसभेत अलेक्सिओस पहिला याचे वकील पोप अर्बन दुसरा याच्याकडे लष्करी मदत मागत होते. ज्याच्याशी वैर त्याच्याकडे कुणी कुमक मागायला जात नाही. अलेक्सिओसला हवे होते पगारी घोडेस्वार. आलं ते क्रूसेड. त्याने प्रत्येक पुढाऱ्याकडून जिंकलेली जुनी रोमन शहरं परत करण्याची शपथ घेतली. जून १०९७मध्ये नायसिया ठरल्याप्रमाणे परत मिळालं. सीरियातलं अँटिओक मिळालं नाही. पुढच्या शंभर वर्षांच्या कुरबुरीचं मूळ धर्मापेक्षा अँटिओकच्या त्या तंट्यात जास्त आहे.

आता गादीचं. पूर्व रोमन राज्यात वारसाहक्काचा लेखी कायदा नव्हता. सम्राट ठरायचा सैन्य, सिनेट आणि राजधानीची जनता यांच्या जयघोषाने. राज्याभिषेक त्यावर शिक्कामोर्तब. याचा अर्थ, ज्याच्या हाती राजवाडा, टांकसाळ आणि राजधानीचे दरवाजे, तो सम्राट. पदच्युताला मारण्याऐवजी आंधळं करत, कारण व्यंग असलेला माणूस गादीला अपात्र समजला जाई. त्याची मुलं मात्र मोकळी राहत, आणि शेजारच्या प्रत्येक दरबारात एखादा दावेदार सापडे.

११८०नंतर हे यंत्र फारच वेगाने फिरलं. मॅन्युएल सप्टेंबर ११८०मध्ये वारला, मुलगा अकरा वर्षांचा. मॅन्युएलचा चुलतभाऊ आंद्रोनिकोस याने ११८२मध्ये राजधानी घेतली. त्याच वेळी जमावाने शहरातल्या लॅटिनांची, म्हणजे पश्चिम युरोपीयांची, मुख्यतः पिसा आणि जेनोआच्या लोकांची, कत्तल केली. ११८३मध्ये त्याने पोराला गळा आवळून मारवलं. ११८५च्या ऑगस्टमध्ये सिसिलीच्या नॉर्मनांनी थेसालोनिकी लुटलं, सप्टेंबरमध्ये जमावाने आंद्रोनिकोसला हालहाल करून मारलं आणि इसाक आंगेलोस गादीवर आला. त्याच्या काळात बल्गेरिया फुटला. सायप्रस त्याआधीच मॅन्युएलच्या कोम्निनोस घराण्यातल्या एका नातेवाइकाने बळकावलं होतं, ते ११९१मध्ये इंग्लंडच्या रिचर्डने घेतलं आणि परत दिलं नाही. एप्रिल ११९५मध्ये इसाकला सख्ख्या भावाने, अलेक्सिओस तिसरा याने, पदच्युत करून डोळे काढले.

फिलिपची बायको इरिनी ही इसाकची मुलगी. तिचा भाऊ १२०१मध्ये पिसाच्या जहाजातून निसटून तिच्याकडे पोचला. म्हणून क्रूसेडरांना हे परकी ढवळाढवळ वाटलं नाही. त्यांच्या सरंजामी समजुतीत राजाचा मुलगा हा हक्काचा वारस आणि काका चोर. कॉन्स्टँटिनोपलमध्ये मात्र बाप सम्राट होता एवढ्यावर कुणी सम्राट होत नव्हता, त्यातून हा मुलगा जन्मला तेव्हा बाप सम्राटही नव्हता.

हा फरक त्यांना जुलै १२०३मध्ये समजला. त्यांनी राजपुत्राला गॅलीत उभं करून समुद्रतटाजवळून फिरवलं, हा तुमचा धनी म्हणून ओरडून सांगितलं. तटावरून उत्तर आलं की आम्ही याला ओळखत नाही. रक्त न सांडता काम होईल या भरवशावर आखलेला बेत तिथेच कोसळला.

---

गलबत

आरमाराबद्दल. हा माझ्या मते या धाग्यातला सर्वांत दुखरा भाग, कारण १२०३मध्ये शंभर गॅली असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं.

पूर्व रोमनांनी आपलं आरमार व्हेनिसकडे गहाण टाकलं ते अलेक्सिओस पहिला याच्या वेळी. नॉर्मन आड्रिआटिक ओलांडून आले, तेव्हा व्हेनिसच्या गॅली हव्या होत्या. मोबदला म्हणून सुवर्णमुद्रांकित सनद दिली, तिची तारीख बहुधा १०८२. साम्राज्याच्या बहुतेक बंदरांत १० टक्के जकात पूर्ण माफ, राजधानीत गोल्डन हॉर्न खाडीवर वखारी आणि धक्के. पिसाला ११११मध्ये आणि जेनोआला ११५५मध्ये जकात ४ टक्क्यांवर आणून दिली. रोमन व्यापारी स्वतः १० भरत होता. ज्याला घरच्या बंदरात परक्यापेक्षा जास्त जकात पडते त्याची गलबतं किती दिवस पाण्यावर राहणार? आणि व्यापारी गलबतं नसली की खलाशी नसतात.

जॉन दुसरा याने सनद नाकारून पाहिली. व्हेनिसने बेटं लुटली, ११२६मध्ये सनद परत द्यावी लागली. मॅन्युएलने १२ मार्च ११७१ला साम्राज्यभरातले व्हेनिसकर एकाच दिवशी पकडले आणि माल जप्त केला. सूड घ्यायला निघालेला ताफा साथीच्या रोगाने खचून परतला आणि त्या डोजेला व्हेनिसमध्येच ठार मारलं गेलं. नुकसानभरपाई ठरली १,५०० पौंड सोनं, तीही हप्त्यांनी. १२०३मध्ये त्यातले २०० पौंड अजून येणं होतं. इसाकने तर ११८७मध्ये करारच केला की गरज पडेल तेव्हा व्हेनिस आपल्याला गॅली बांधून, माणसं भरून देईल. राज्याचं आरमार म्हणजे शेजाऱ्याची होडकी!

उरलं होतं ते अलेक्सिओस तिसरा याच्या मेव्हणीच्या नवऱ्याने, मिखाएल स्त्रिफ्नोसने, घालवलं. आरमारप्रमुख म्हणून त्याने नांगर, शिडं, दोर, अगदी खिळेसुद्धा विकले असं इतिहासकार निकितास खोनिआतिस सांगतो, आणि खोनिआतिस हा त्याच दरबारातला बडा अधिकारी. राजाच्या शिकारीची रानं राखणारे खोजे जहाजासाठी झाड तोडू देत नव्हते, हेही त्याचंच. क्रूसेडर आले तेव्हा बंदरात वीसेक कुजकी जहाजं होती.

समोरून काय आलं तेही पाहा. घोडे नेणारं जहाज वेगळं असतं. त्याच्या बाजूला पाण्याच्या पातळीजवळ दार. प्रवासात ते बंद करून फटी बुजवायच्या, किनाऱ्याला लागल्यावर उघडून फळी टाकायची. घोडे आत झोळीत अडकवलेले, नाहीतर लाटांनी पाय मोडतात. ५ जुलैला गोल्डन हॉर्नपलीकडच्या गलाताच्या किनाऱ्यावर नाइट त्या दारातून खोगिरावर बसूनच उतरले. काठावरचं रोमन सैन्य हे बघून मागे हटलं.

---

किनारा

खूप माहितीपूर्ण. पण डांडोलो आधीपासूनच कट रचून होता आणि व्हेनिसने इजिप्तच्या सुलतानाशी गुप्त तह केला होता, असंही वाचलं आहे. त्यात तथ्य किती?

---

सनावळी

किनारा, सुलतानाशी १२०२मध्ये तह झाला हे मत एकोणिसाव्या शतकात मांडलं गेलं. ज्या कागदांवर ते उभं होतं, त्यांची तारीख पुढे तपासली तेव्हा ते काही वर्षांनंतरचे ठरले. म्हणून तो पुरावा बाद.

राहिला कट. डांडोलोला ११९८मध्येच अलेक्सिओस तिसऱ्याकडून सनद पुन्हा मिळाली होती. ज्या गादीकडून सवलती चालू आहेत ती उलथून व्हेनिसचा फायदा काय, हा पहिला प्रश्न. आणि कट असता तर लीदोवर कमी माणसं येणार हे त्याला १२०१मध्ये ठाऊक असायला हवं होतं. ८५,०००चा करार पूर्ण झाला असता तर व्हेनिसची बाजू भक्कमच होती. माझं मत: कट नव्हता, पण पैसे अडकलेल्या सावकाराची प्रत्येक पायरीवरची हुशारी होती. ताफा त्याचा, कर्ज त्याचं, आणि सप्टेंबर १२०३अखेर जहाजांची मुदत संपणार हेही त्यालाच नीट माहीत. पोपला जे अडवता आलं नाही ते या मुदतीने घडवलं.

---

बुरूज

तटबंदीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण 'अजिंक्य तट कसे पडले' हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर सोपे आहे: अजिंक्य तट पडलेच नाहीत.

जमिनीकडचा थिओडोसियन तट खंदक, बाहेरची भिंत आणि आतली उंच भिंत असा तिहेरी. या मोहिमेत तिथून कोणी आत आले नाही. गोल्डन हॉर्न खाडीकडे मात्र एकेरी भिंत होती, कारण तिचे खरे संरक्षण खाडीच्या तोंडावरचा साखळदंड आणि आतले आरमार. आरमाराची गोष्ट वर आली आहे. साखळदंडाचे एक टोक पलीकडे गलाताच्या बुरुजात. ६ जुलै १२०३ला त्या बुरुजातली शिबंदी बाहेर पडून लढली, मागे हटताना क्रूसेडर तिच्या पाठोपाठ दरवाजातून आत घुसले. बुरूज गेला, साखळी तुटली, ताफा खाडीत. खाडीचे पाणी शांत, आणि जहाज थेट भिंतीच्या पायथ्याशी येते.

व्हेनिसकरांनी मोठ्या जहाजांच्या डोलकाठ्यांवर आडव्या काठ्यांचे झुलते पूल बांधले होते. तीन हत्यारबंद माणसे शेजारी शेजारी चालतील एवढी रुंदी, वरून कातडी आणि जाड कापड, म्हणजे बाण आणि आग दोन्हींपासून आडोसा. हा पूल थेट बुरुजाच्या माथ्याला टेकवायचा. १७ जुलैला फ्रँक सैन्य ब्लाखेर्ने राजवाड्याजवळच्या तटावर शिड्या लावत होते, तिथे वारांगियन गार्डच्या (सम्राटाच्या उत्तर युरोपीय पगारी अंगरक्षकांच्या) कुऱ्हाडींनी त्यांना परतवले. खाडीकडून मात्र व्हेनिसकरांनी २५ बुरूज घेतले. टिकवता येईनात म्हणून त्यांनी घरांना आग लावली. अलेक्सिओस तिसरा मोठे सैन्य घेऊन तटाबाहेर आला, समोरासमोर उभा राहिला आणि लढाई न देता परत फिरला. त्या रात्री तो १,००० पौंड सोने आणि एक मुलगी घेऊन पळाला. सकाळी दरबाऱ्यांनी आंधळ्या इसाकला तुरुंगातून काढून गादीवर बसवले.

१२०४चा हल्ला वेगळा. तोवर रोमनांनी बुरुजांवर लाकडी मजले चढवून उंची वाढवली होती. ९ एप्रिलचा हल्ला फसला. कारण यांत्रिक आहे: एका बुरुजाला एकच जहाज भिडत होते, पुलावरून येणारे मोजके आणि बुरुजावरचे रक्षक जास्त. सभेत काही फ्रँक म्हणाले की मार्मारा समुद्राच्या बाजूने जाऊ, तिथे तट कच्चा आहे. व्हेनिसकरांनी ते उडवून लावले. तिथला प्रवाह जहाजांना ओढून नेतो. मग दोन दोन जहाजे एकत्र बांधली, म्हणजे एका बुरुजाला दोन पूल. १२ एप्रिलला दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि त्या जोराने 'पिलग्रिम' आणि 'पॅराडाइज' ही बांधलेली जोडी तटावर नेऊन आदळवली. एक व्हेनिसकर बुरुजावर उतरला आणि मारला गेला, त्याच्या मागून आलेला एक फ्रेंच नाइट टिकला. खाली दुसरीकडे पियेर द आमियाँच्या टोळीने बुजवलेले एक चोरदार कुदळींनी फोडले. भोकातून पहिला रांगत शिरला तो अलोम द क्लारी नावाचा पाद्री. त्याचा भाऊ पाय धरून मागे ओढत होता. आतली माणसे मागे सरली, भोक मोठे झाले, दरवाजा उघडला. त्यानंतर झुंज अशी फारशी झाली नाही.

---

रानजाई

इसाक आणि त्याचा मुलगा गादीवर आल्यावर पैसे मिळाले होते ना? मग एप्रिलपर्यंत गोष्ट का गेली?

---

टांकसाळ

मिळाले, साधारण निम्मे. १ ऑगस्ट १२०३ला राजपुत्र अलेक्सिओस चौथा म्हणून सहसम्राट झाला. पवित्र चित्रांवरचं सोनं-चांदी, चर्चमधले दिवे आणि पात्रं वितळवून मार्क भरले गेले. अलामानिकोनच्या वेळी ज्या चर्चना हात लावू दिला नव्हता, त्यांचीच पात्रं आता लॅटिनांसाठी मुशीत जात होती. शहर पेटायला एवढं पुरे होतं, आणि ते अक्षरशः पेटलंही: १९ ऑगस्टला काही लॅटिनांनी खाडीजवळच्या मशिदीवर हल्ला केला, ग्रीक शेजारी मुसलमानांच्या मदतीला धावले, मारामारीत आग लावली गेली. वाऱ्याने ती दोन दिवस शहराच्या मध्यातून खाडीपासून मार्मारापर्यंत गेली. त्या आगीनंतर कर भरणारेच बेघर झाले.

हिवाळ्यात हप्ते थांबले. सम्राटाने आणखी दिलं तर जनता उठणार, न दिलं तर छावणी. जानेवारी १२०४अखेर अलेक्सिओस दुकास, टोपणनाव मुर्त्झुफ्लोस, याने त्याला तुरुंगात टाकून फेब्रुवारीत गळा आवळला. त्याबरोबर करारातला ऋणकोच मेला. क्रूसेडरांच्या हाती आता ना रक्कम, ना रसद, ना कुळ. मार्चमध्ये त्यांनी व्हेनिसशी नवा करार केला, तो शहर जिंकून वाटून घेण्याचा. लुटीचे तीन हिस्से व्हेनिसला आणि एक फ्रँकांना, देणं फिटेपर्यंत, पुढे निम्मे-निम्मे. सम्राट सहा फ्रँक आणि सहा व्हेनिसकर निवडणार. त्याला साम्राज्याचा एक चतुर्थांश, उरलेल्याचे दोन सारखे भाग.

अधिकृत वाटणीत नाइटला २० मार्क, घोडेस्वार शिपायाला १०, पायदळाला ५ मिळाले. व्हेनिसहून निघताना त्याच पायदळाचं भाडं २ मार्क होतं.

---

मोडीप्रेमी

एक छोटी भर, नावाबद्दल. 'बायझंटाइन' हे नाव सोळाव्या शतकातल्या जर्मन विद्वानांनी रूढ केलं. ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत, 'रोमाइओई'. अरबी-फारसीत तेच 'रूम' झालं, आणि आपल्या जुन्या मराठीत 'रूमशाम' हा शब्द येतो त्यातला रूम हाच. शाम म्हणजे सीरिया. म्हणजे रोमन हे नाव आपल्याकडे पोचलं होतं, फक्त तोवर त्या गादीवर उस्मानी सुलतान होता.

---

गलबत

टांकसाळ यांनी सांगितलेल्या वाटणीचं पुढे काय झालं ते सांगतो. चतुर्थांश सम्राटाचा, उरलेल्या तीन चतुर्थांशांचा अर्धा व्हेनिसचा, म्हणजे तीन अष्टमांश. म्हणून डोजेच्या किताबात 'रोमन साम्राज्याच्या चतुर्थांशाचा आणि त्याच्या निम्म्याचा स्वामी' असं आलं. फ्लँडर्सचा बाल्डविन १६ मे १२०४ला सम्राट झाला आणि वर्षाच्या आत, एप्रिल १२०५मध्ये, आड्रिआनोपलला बल्गेरियाच्या कालोयानच्या कैदेत गेला; सुटला नाही. फ्रँकांनी जमिनी घेतल्या आणि त्या राखायला माणसं पुरली नाहीत. नायसिया, एपिरस आणि ट्रेबिझोंडमध्ये रोमन राज्यं उभी राहिली, आणि नायसियाच्या माणसांनी २५ जुलै १२६१ला राजधानी परत घेतली, तीही व्हेनिसचा ताफा बाहेर गेलेला असताना.

व्हेनिसने जमिनीच्या मागे न लागता बंदरं निवडली. दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीसच्या टोकाशी मोडोन आणि कोरोन, जाता-येता पाणी भरायची आणि जहाज डागडुजीची ठिकाणं. आणि क्रीट. ते राजपुत्राने माँफेराच्या बोनिफासला कबूल केलेलं होतं. बोनिफासला रोख हवी होती, म्हणून १२ ऑगस्ट १२०४ला त्याने आपला हक्क व्हेनिसला विकला, १,००० मार्कांना. बेट प्रत्यक्ष ताब्यात घ्यायला जेनोआकरांशी काही वर्षं लढावं लागलं, ते वेगळं. लीदोवर अडलेल्या कर्जाचा चौतिसावा हिस्सा देऊन घेतलेलं ते बेट व्हेनिसकडे १६६९पर्यंत राहिलं.